क्युबिटमागची यंत्रणा : नियंत्रण-इलेक्ट्रॉनिक्सचा प्रश्न आज कुठे आहे?

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने एक छोटेसे निवेदन काढले. डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानासाठीची पुण्यातली 'यंग सायंटिस्ट्स लॅबोरेटरी' आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण केली, असे त्यात म्हटले होते. बातम्यांत सहाचा आकडा ठळक झाला. निवेदनात मात्र कोणी काय केले, हेही सांगितले होते. क्युबिटांची चिप कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आखली आणि घडवली गेली. दूरवरून प्रोग्रॅम पाठवण्याची क्लाउडवरची सोय टीसीएसने केली. क्युबिटांना आज्ञा देणारी आणि त्यांचे उत्तर मोजणारी यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेने उभी केली, आणि तीही दोन प्रकारच्या सामानातून : काही बाजारात मिळणारी तयार उपकरणे, तर काही स्वतः प्रोग्रॅम केलेले डेव्हलपमेंट बोर्ड. 'थोडे विकत, थोडे घरचे' या तडजोडीमागे जगभर एक वाद चालू आहे. क्युबिट चालवणारे इलेक्ट्रॉनिक्स विकत घ्यावे, स्वतः बांधावे, की ते थेट शीतयंत्राच्या पोटात नेऊन बसवावे? या तिन्ही बाजूंचा आणि न सुटलेल्या भागाचा आढावा येथे घ्यायचा आहे.

काम नेमके काय आहे

अतिसंवाहक क्युबिट म्हणजे चिपवरचे एक छोटे विद्युतमंडल. त्याची स्वतःची वारंवारिता साधारण ४ ते ६ गिगाहर्ट्झ असते. बरोबर त्याच वारंवारितेची मायक्रोवेव्ह पल्स काही डझन नॅनोसेकंद दिली, की क्युबिटची अवस्था बदलते. पल्स किती उंच आणि किती लांब, यावर अवस्था किती वळेल ते ठरते. पल्सची कला (फेज) कोणती, यावर कोणत्या अक्षाभोवती वळेल ते ठरते. या कामाला किती काटेकोरपणा लागतो, ते विजेवरून लगेच कळेल. औष्णिक केंद्रातून बाहेर पडणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि ग्रिड ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवू पाहतो. म्हणजे हजारात एखाद-दोन भागांची चूक तिथे चालून जाते. क्युबिटचा संकेत सेकंदाला सुमारे ५ अब्ज आवर्तनांचा, म्हणजे दहा कोटी पट वेगवान. इथे हजारात एका भागाची चूक म्हणजे ५० लाख हर्ट्झचा फरक. एका मायक्रोसेकंदात संकेत आणि क्युबिट यांच्यात पाच पूर्ण फेऱ्यांचे अंतर पडेल आणि आकडेमोडीचा चुथडा होईल.

त्यात आणखी एक अडचण आहे. आज सर्वांत रुळलेल्या 'ट्रान्समॉन' जातीच्या क्युबिटला हव्या असलेल्या दोन पातळ्यांच्या वर तिसरी पातळीही असते, आणि तिच्याकडे जाणारी वारंवारिता मूळ वारंवारितेपासून अवघी २००-३०० मेगाहर्ट्झ दूर असते. पल्स जितकी आखूड करावी तितका तिचा वारंवारितेचा पट्टा पसरतो आणि क्युबिट तिसऱ्या पातळीवर घसरण्याचा धोका वाढतो. यावर २००९ मध्ये 'ड्रॅग' नावाची युक्ती मांडली गेली. तिच्यात पल्सच्या मुख्य भागासोबत तिच्या उताराच्या आकाराचा दुसरा भाग नव्वद अंशांच्या फरकाने पाठवतात. आजही बहुतेक प्रयोगशाळांत पल्सला हाच आकार देतात. म्हणजे जनित्राने नुसती वारंवारिता देऊन भागत नाही. नॅनोसेकंदागणिक पल्सचा आकारही त्याने घडवायचा असतो.

उत्तर वाचणे त्याहून नाजूक. क्युबिटशेजारी ६ ते ८ गिगाहर्ट्झचा एक रेझोनेटर असतो. क्युबिट कोणत्या अवस्थेत आहे त्यानुसार रेझोनेटरची वारंवारिता किंचित सरकते. तिथे जेमतेम काही फोटॉनांचा संकेत पाठवायचा आणि परत येणाऱ्या लहरीची कला पाहायची. हा क्षीण संकेत आधी पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायरमधून, मग ४ केल्विनवर बसवलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून आणि शेवटी खोलीतल्या ॲम्प्लिफायरमधून वाढत वाढत डिजिटायझरपर्यंत पोचतो. हे सगळे काही शे नॅनोसेकंदांत उरकावे लागते, नाहीतर मोजता मोजताच क्युबिट आपली अवस्था विसरतो.

थंडी का लागते, तेही इथेच सांगितलेले बरे. ५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.२४ केल्विन तापमानाएवढी असते. उष्णतेच्या खडखडाटाने क्युबिट आपोआप उडू नये, म्हणून चिप १० ते २० मिलिकेल्विनवर ठेवतात. खोलीतून जाणाऱ्या तारेबरोबर खोलीचा गोंगाटही आत जातो. तो मारण्यासाठी वाटेत टप्प्याटप्प्याने साधारण ६० डेसिबलची घट घालतात. दुसऱ्या शब्दांत, बाहेरून पाठवलेल्या शक्तीचा दहा लाखांतला एक भागच क्युबिटपर्यंत पोचतो, आणि बाकीचा वाटेत उष्णता होऊन शीतयंत्राच्या माथी बसतो. तार स्वतःही उष्णता वाहून आणते. क्युबिट वाढले की तारा वाढतात, आणि तारा वाढल्या की शीतयंत्र दमते. साऱ्या वादाचे मूळ या हिशेबात आहे.

इथवर कसे पोचलो

२०२५चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाले. हाताने धरता येईल एवढ्या विद्युतमंडलातही पुंजभौतिकी चालते, हे त्यांनी १९८४-८५च्या सुमारास बर्कली येथे दाखवले होते. त्या प्रयोगांचे श्रेय सिद्धान्ताला जितके, तितकेच तारांच्या जोडणीलाही. मोजणीच्या तारांमधून आत शिरणारा मायक्रोवेव्ह गोंगाट थांबवल्याशिवाय निकाल विश्वासार्ह ठरला नसता. त्यासाठी या गटाने तांब्याच्या भुकटीत तार पुरून केलेले फिल्टर वापरले, आणि ती कल्पना आजही शीतयंत्रांत नांदते आहे. या क्षेत्रात इलेक्ट्रॉनिक्स पहिल्या दिवसापासून प्रयोगाच्या गाभ्यात होते. ते नंतर चिकटवलेले अंग नव्हे.

१९९९ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीत नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा अतिसंवाहक क्युबिटची अवस्था काही शे पिकोसेकंदांच्या पल्सने हवी तशी वळवून दाखवली. २००४ मध्ये येल विद्यापीठात क्युबिट आणि रेझोनेटर यांची सांगड बसली. टीआयएफआरचे आर. विजयराघवन याच येलच्या परंपरेतले. पुढे बर्कलीत असताना त्यांच्या गटाने २०११ मध्ये क्युबिटच्या 'पुंज-उड्या' प्रत्यक्ष घडताना टिपल्या, आणि २०१२ मध्ये मोजमापाचे उत्तर त्याच क्षणी परत क्युबिटवर फिरवून त्याचे दोलन स्थिर ठेवून दाखवले. मोजणे आणि चालवणे ही एकाच वर्तुळाची दोन अर्धी आहेत, हे त्या प्रयोगाने ठसवले. मुंबईत आल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये एक पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर प्रसिद्ध केला. त्यात ६४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जवळपास सपाट २० डेसिबलची वाढ मिळत होती, आणि गोंगाट पुंजमर्यादेच्या जवळ होता. पट्टा इतका रुंद असला की एकाच तारेवर अनेक क्युबिटांची उत्तरे वेगवेगळ्या वारंवारितांवर वाचता येतात. कुलाब्याची खरी ओळख या मोजणीच्या कसबात आहे. सहाच्या आकड्यामुळे ती झाकली गेली, असे मला वाटते.

दरम्यान बाहेरची उपकरणेही बदलत गेली. सुरुवातीला प्रयोगशाळा सर्वसाधारण कामासाठी बनवलेली जनित्रे जमवत. शे-दोनशे मेगाहर्ट्झची पल्स एका यंत्राने घडवायची, दुसऱ्याच्या गिगाहर्ट्झ लहरीशी मिक्सरमध्ये मिसळायची आणि आत सोडायची. मिक्सर कधीच आदर्श नसतो. मूळ लहर गळते, नको तो जुळा पट्टाही निघतो. दोन्ही दाबण्यासाठी सेटिंग पुन्हा पुन्हा बसवावी लागते, आणि खोलीचे तापमान बदलले की ती परत बिघडते. दोन-तीन क्युबिटांपर्यंत हे निभावते. गूगलच्या सिकॅमोर प्रोसेसरसाठी (२०१९) ५४ क्युबिट आणि त्यांच्यामधले कप्लर चालवायला २७७ डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक लागले. म्हणजे दर क्युबिटमागे साधारण पाच. या आकड्यांनंतर इलेक्ट्रॉनिक्स हा स्वतंत्र प्रश्न झाला.

तीन भूमिका

पहिली भूमिका विकत घेणाऱ्यांची. झुरिक इन्स्ट्रुमेंट्स, कीसाइट, इस्रायलची क्वांटम मशीन्स, डेल्फ्टची क्यूब्लॉक्स या कंपन्या खास क्युबिटांसाठी बनवलेली यंत्रे विकतात. शेकडो वाहिन्या एका ठोक्यावर चालतात, मिक्सरच्या कटकटी आतल्या आत मिटवलेल्या असतात, आणि बिघाड झाला तर विचारायला कोणीतरी असते. संशोधकाचा वेळ भौतिकीवर जावा, सोल्डरिंगवर नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद वाजवी आहे. आक्षेप दोन. खर्च वाहिनीगणिक वाढतो, आणि आतला कोड बंद असल्याने वेगळे काही करून पाहायचे तर हात बांधले जातात. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने क्वांटम संगणकांबरोबर अतिशीत सीमॉस चिप, पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर आणि शीतयंत्रे यांनाही निर्यात परवान्याच्या कक्षेत आणले.  ऐंशीच्या दशकात भारताला महासंगणक नाकारला गेल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभे राहिले आणि १९९१ मध्ये परम ८००० आला, हा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला यादी वाढू शकते हे वेगळे सांगायला नको.

दुसरी भूमिका स्वतः बांधणाऱ्यांची. झायलिंक्सच्या (आता एएमडी) 'आरएफएसओसी' चिपमध्ये वेगवान परिवर्तक, एफपीजीए (हवे तसे प्रोग्रॅम करता येणारे मंडल) आणि प्रोसेसर एकाच सिलिकॉनवर आले, आणि या बाजूला जोर चढला. झेडसीयू १११ या बोर्डावर आठ डीएसी (डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक) आणि आठ एडीसी (उलट दिशेचे परिवर्तक) असतात. डीएसीचा वेग सेकंदाला ६.५५४ अब्ज नमुने. अमेरिकेच्या फर्मीलॅबने याच बोर्डावर 'क्विक' ही मुक्त यंत्रणा २०२१ मध्ये पुढे आणली, तर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 'क्युबिक' ही आपली यंत्रणा मुक्त केली. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विभोर सिंग आणि चेतन सिंग ठाकूर यांच्या गटांनी झेडसीयू १११वरच 'एसक्यू-कार्स' ही यंत्रणा बांधून २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. पुण्याच्या निवेदनातले 'स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड' याच विचारधारेतले. ही भूमिकाही अडचणींतून सुटलेली नाही. ६.५५४ अब्ज नमुन्यांच्या वेगाने सरळ सरळ ३.३ गिगाहर्ट्झपर्यंतच जाता येते. ५ गिगाहर्ट्झसाठी दुसऱ्या नायक्विस्ट पट्ट्यातली, म्हणजे या मर्यादेच्या वर उमटणारी, प्रतिमा वापरावी लागते, आणि तिथे शक्ती कमी व फिल्टरची गरज जास्त. अनेक बोर्ड एका घड्याळावर बांधताना पिकोसेकंदांची जुळवणी करावी लागते. सर्वांत मोठी अडचण माणसांची : ज्याने फर्मवेअर लिहिले, तो पीएच.डी. संपवून गेला की प्रयोगशाळेत पोरके बोर्ड उरतात.

तिसरी भूमिका म्हणते, तारांचाच प्रश्न आहे तर तारा काढूनच टाका. इलेक्ट्रॉनिक्स शीतयंत्राच्या आत न्या. २०१९ मध्ये गूगलने ३ केल्विनवर चालणारी २८ नॅनोमीटरची सीमॉस चिप दाखवली. पाठोपाठ डेल्फ्टसोबत इंटेलची 'हॉर्स रिज' आली, आणि २०२१ मध्ये तिच्या संकेतांनी सिलिकॉनमधल्या वेगळ्या जातीच्या क्युबिटवर खोलीतल्या उपकरणांइतकीच, ९९.७ टक्के अचूकता मिळाली. सिडनीच्या गटाने तर २०२५ मध्ये मिलिकेल्विनवरच्या सीमॉस चिपने सिलिकॉन क्युबिट चालवून दाखवले. हिशेब मात्र कडक आहे. नेहमीच्या शीतयंत्रात ४ केल्विनच्या टप्प्यावर एक-दोन वॅट उष्णताच काढता येते. गूगलच्या चिपला २ मिलिवॅटपेक्षा कमी लागत, पण ती काम फक्त एका भागाचे करत होती. आयबीएमने २०२२ मध्ये मांडलेल्या अधिक परिपूर्ण चिपला क्युबिटमागे २३ मिलिवॅट लागले. दीड वॅटच्या अंदाजपत्रकात पहिल्या हिशेबाने ७५० क्युबिट बसतात, दुसऱ्याने जेमतेम ६५. अमेरिकेच्या एनआयएसटीने २०२१ मध्ये तिसराच मार्ग सुचवला : संकेत प्रकाशतंतूतून पाठवायचा आणि आत फोटोडायोडने त्याचा मायक्रोवेव्ह करायचा. तंतू उष्णता फार कमी वाहतो, पण प्रकाश शेवटी आतच उष्णता होतो, तेव्हा हिशेब टळत नाही, फक्त सरकतो.

कोणती बाजू केव्हा

तिन्ही बाजू एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असे वाटते, पण त्या निरनिराळ्या आकारांसाठीची उत्तरे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली, तेव्हा आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटांचे उद्दिष्ट ठेवले गेले. सिकॅमोरचे प्रमाण धरले, तर १०० क्युबिटांना सुमारे ५०० वाहिन्या लागतील. हे खोलीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला कठीण आहे, पण अशक्य नाही. गूगलचा १०५ क्युबिटांचा विलोही खोलीतूनच चालतो. त्यामुळे या मिशनच्या पहिल्या टप्प्यांसाठी अतिशीत चिप हा पुढचा अभ्यासविषय आहे, आजची निकड नव्हे. आजची निकड घड्याळ, जुळवणी आणि कॅलिब्रेशन यांची आहे, आणि ती विकत घेऊन पुरती भागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो : खोलीतल्या यंत्रणेत आज पैसा आणि माणसे गुंतवली आणि हजार क्युबिटांसाठी इलेक्ट्रॉनिक्स आत न्यावेच लागले, तर सगळे वाया नाही का जाणार? बोर्ड वाया जातील, हे मान्य. पण पल्सचा क्रम लावणारी भाषा, शंभर क्युबिटांचे कॅलिब्रेशन रात्रीतून आपोआप करणारे प्रोग्रॅम आणि चुकीचे मूळ शोधण्याचे कसब आत गेल्यावरही तेच लागते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अडसर इलेक्ट्रॉनिक्सचा नाहीच. क्युबिटच फार लवकर विसरतात, आणि चिप सुधारली नाही तर जनित्र कितीही चांगले असून काय उपयोग? याला आधार आहे. आजच्या अनेक यंत्रांत चुकीचा मोठा वाटा क्युबिटच्या आयुष्यालाच जातो. पण २०१६ मध्ये बॉल, ऑलिव्हर आणि बिअरकुक यांनी दाखवले, की क्युबिटची स्मृती वाढत जाईल तसा मुख्य घड्याळाचा कलागोंगाट हाच अचूकतेचा बांध ठरू शकतो. चिप सुधारेल, तसे हे ओझे इलेक्ट्रॉनिक्सकडे सरकत जाणार.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर हे कसब इथे पूर्वीपासून आहे, फक्त दुसऱ्या नावाखाली. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. ती चालवणारे पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) हे टीआयएफआरचाच भाग. तिच्या सुधारित रूपात ३२ ऐवजी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा हाताळण्यासाठी एफपीजीएचे 'रोच' बोर्ड आणि जीपीयू यांची जोडणी केली गेली. क्षीण संकेत वाढवणे, डिजिटल करणे, एका घड्याळावर जुळवणे ही सगळी कामे क्युबिटांच्या मोजणीचीही आहेत. एक फरक विसरता कामा नये : दुर्बीण फक्त ऐकते, तिला आकाशाला मायक्रोसेकंदात उत्तर द्यावे लागत नाही. क्युबिटला द्यावे लागते.

अणू किंवा आयन यांनाच क्युबिट म्हणून वापरणाऱ्यांच्या बाजूला चित्र थोडे वेगळे आहे. पुण्यात आयसर आणि आयुका येथे लेझरने थंड केलेल्या अणूंचे व आयनांचे काम चालते. तिथे द्वारक्रिया (गेट) मायक्रोसेकंदांच्या असतात, संकेत शे-दोनशे मेगाहर्ट्झचे, आणि ते ध्वनि-प्रकाशीय मॉड्युलेटरला देऊन लेझर चालू-बंद होतो. म्हणून लहर थेट डिजिटल पद्धतीने घडवणारी साधी डीडीएस चिप आणि 'आर्टिक' व 'सिनारा' यांसारख्या मुक्त यंत्रणा जगभर पुरेशा ठरल्या आहेत. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी लेझरची. मिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडलेल्या आठ नवउद्योगांत पुण्याचा 'क्यूप्रयोग' प्रकाशीय अणुघड्याळांवर काम करतो, तर आयआयटी मुंबईतला 'डिमिरा' शीतयंत्रात लागणाऱ्या देशी तारांवर. घड्याळ आणि तार : वरच्या चर्चेत पुन्हा पुन्हा आलेल्या दोन वस्तू.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न वेगाचा. विलोवर चूक-दुरुस्तीची एक फेरी १.१ मायक्रोसेकंदाची होती. चूक ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचे उत्तर यायला सरासरी ६३ मायक्रोसेकंद लागत. नुसती स्मृती राखायला हे चालते. आकडेमोडीत पुढची क्रिया आधीच्या उत्तरावर अवलंबून असेल, तेव्हा ही दिरंगाई कुठवर परवडेल, यावर एकमत नाही. उत्तर एफपीजीएत काढावे, वेगळ्या चिपवर की जीपीयूवर, हेही ठरायचे आहे. दुसरा प्रश्न भाषेचा : एका यंत्रणेसाठी लिहिलेला पल्सचा क्रम दुसरीवर तसाच चालत नाही, आणि सर्वमान्य प्रमाण अजून झालेले नाही. तिसरा, शेजारच्या वाहिन्यांची गळती. शंभर पल्स एकाच वेळी सोडल्यावर एकमेकींत किती झिरपतात, ते एकेक क्युबिट तपासून कळत नाही.

चौथा प्रश्न माणसांचा, आणि तो सोडवणे सर्वांत स्वस्त आहे. आरएफएसओसी बोर्डाचा डीएसी एका साध्या केबलने त्याच बोर्डाच्या एडीसीला जोडला, तर 'लूपबॅक'मध्ये पल्स घडवणे, कला मोजणे, घड्याळ जुळवणे हे सगळे शिकता येते. त्याला शीतयंत्र लागत नाही, क्युबिटही लागत नाही, आणि 'क्विक'चा कोड फुकट मिळतो. मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी असा एक बोर्ड सामायिक घ्यावा.